सुईणीचं नाव

प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत माणसांची नावं जागोजागी भेटतात. बाळ ओढून काढायच्या चिमट्यांशी चेंबरलेन घराण्याचं नाव जोडलेलं आहे. दिवस भरण्याआधी येणाऱ्या खोट्या कळांना ब्रॅक्स्टन हिक्स यांचं नाव आहे. पोट चाचपून बाळाचं डोकं कुठे आहे ते ओळखायची पद्धत लिओपोल्ड यांच्या नावानं शिकवतात. हे सगळे डॉक्टर आणि सगळे पुरुष. या मांदियाळीत एका सुईणीचंही नाव आहे: आयना मे गास्किन. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या हाडामागे अडकला, तर हातात मोजकी मिनिटं उरतात. अशा वेळी बाईला पाठीवरून उठवून हातांवर आणि गुडघ्यांवर, रांगत्या बाळासारखं, ओणवं करायचं. कमरेच्या हाडांमधली जागा थोडी बदलते आणि खांदा सुटतो. या क्रियेला 'गास्किन मनूव्हर' म्हणतात. १९९८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात अशा ८२ बाळंतपणांचा अभ्यास छापून आला. त्यातल्या दर सहा बायकांपैकी साधारण पाचजणी दुसरा काहीही उपाय न करता मोकळ्या झाल्या होत्या.

ही युक्ती गास्किनबाईंनी शोधलेली नाही, आणि तसा दावाही त्यांनी केला नाही. १९७६ साली त्यांना ती बेलीझ देशातल्या एका बाईकडून समजली. त्या बाईला ती ग्वाटेमालातल्या आदिवासी सुईणींकडून मिळाली होती. पुस्तकात नाव चढलं ते मात्र शेवटच्या कडीचं. जिनं लिहून काढलं, मोजलं आणि इंग्रजीत छापलं, तिचं. ग्वाटेमालातल्या त्या सुईणी कोण होत्या हे कोणतंही पुस्तक सांगत नाही.

गास्किनबाईंची ही गोष्ट वाचली तेव्हापासून मला आमच्या गावच्या सुईणी आठवतात. आठवतात म्हणणंही तसं बरोबर नाही, कारण त्यांची नावं मला माहीत नाहीत, आणि गावात विचारलं तर इतरांनाही ती सांगता येत नाहीत. हा लेख त्या नसलेल्या नावांविषयी आहे.

मी नशिराबादची. जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गावर लागणारं, भादली स्टेशनाजवळचं हे गाव. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये आमच्या गावाला एक छोटासा परिच्छेद मिळालेला आहे. गाव काचेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध, इथे सरकी काढायचे कारखाने आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुटारूंनी गाव लुटलं, आणि १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा हजारांच्या वर भरली, एवढं त्यात लिहिलेलं आहे. बांगड्या कोणत्या, लुटारू कोण, कारखाने किती, सगळ्याची नोंद आहे. ते बारा हजार लोक कोणाच्या हातून या जगात आले, याची नोंद नाही. तशी नोंद करायची असते हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं.

गावातल्या म्हाताऱ्या बायकांना मी अधूनमधून विचारत आले, की तुमची बाळंतपणं कोणी केली? उत्तर एकच येतं, सुईणीनं. तिचं नाव? मग कपाळाला आठ्या पडतात. ती अमक्या वाड्याच्या मागे राहायची, तमक्याची माय, फार धीराची होती, हात लई हलका होता. एक आजी तर मलाच म्हणाल्या, "नाव कायले पाह्यजे? बोलावलं का यायची." त्यांच्या पाचही लेकरांची नाळ जिनं कापली तिची हाताची खूण त्यांना आठवत होती, चालण्याची ढब आठवत होती, कुंकवाचा आकार आठवत होता. फक्त नाव आठवत नव्हतं.

यात त्या आजींचा दोष नाही. आमच्या शेजारी आसोदा हे गाव आहे, बहिणाबाई चौधरींचं माहेर. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात आणि जात्यावर ओव्या रचत गेल्या, आणि मुलानं, सोपानदेवांनी, व एका नातेवाईकानं त्या कागदावर उतरवल्या म्हणून राहिल्या. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. मग सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली पुस्तक निघालं. अक्षरओळख नसलेल्या बाईचं शहाणपण टिकायला तिच्या घरात एक लिहिणारा मुलगा आणि त्याच्या ओळखीत एक छापणारा लागला. त्याच काळात, त्याच पंचक्रोशीत, तितक्याच निरक्षर सुईणी होत्या. त्यांना सोपानदेव मिळाला नाही.

* * *

सुईणीला काय येत होतं, याचा थोडा माग आपल्या भाषेत शिल्लक आहे. पायाकडून जन्मलेल्या मुलाला आपण 'पायाळू' म्हणतो, आणि पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं असं मानतो. पायाळू म्हणवणारी मोठी माणसं गावोगाव होती, याचा अर्थ उलटी आलेली काही बाळं तरी कोणीतरी हातांनी सुखरूप काढली होती. 'मूल आडवं आलं' हा वाक्प्रचार आज आपण घरच्या भांडणांतही वापरतो, पण तो मुळात खोलीच्या आत उच्चारला गेला, आणि तेव्हा तो मृत्यूचा निरोप होता. बाई 'अडली', बाई 'सुटली', 'मोकळी झाली', 'दोन जिवांची होती, आता दोन जीव वेगळे झाले'. नाळेला नाळ आणि तिच्या दुसऱ्या टोकाच्या गोळ्याला वार. कळा आणि वेणा. सुईणीपासून पोट लपत नाही, असंही आपल्याकडे म्हणतात. या शब्दांमागे कित्येक पिढ्यांचं बारीक निरीक्षण आहे.

कामाची पद्धत साधी होती. बाईला उताणं झोपवून ठेवायचं नाही. ती फिरेल, उकिडवी बसेल, खांबाला किंवा आढ्याला बांधलेल्या दोराला धरेल, एक बाई तिला पाठीमागून काखेत धरून आधार देईल. तेल गरम करून कंबर चोळायची. चहा, गूळ-पाणी द्यायचं. कळ नसताना जोर लावू द्यायचा नाही. हा शेवटचा नियम किती जुना आहे पाहा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या खोलीचं वर्णन आहे. तिथे पुष्कळ बाळंतपणं झालेल्या, मायाळू, न कंटाळणाऱ्या बायका सोबत असाव्यात असं सांगितलं आहे. आणि कळ आलेली नसताना जोर करणारीचे श्रम वाया जातात, असं त्यांनी तिला समजवावं, हेही तिथे आहे. पोथी लिहिणाऱ्यानं हे कोणाकडून ऐकलं असेल? बाळंतिणीच्या खोलीत बसणाऱ्या बायकांकडूनच.

बाळंतपण उरकलं की सुईणीचं काम संपत नसे. पुढचे दहा-बारा दिवस ती रोज येई. बाळाला न्हाऊमाखू घालणं, आईच्या पोटाला पट्टा बांधणं, बाजेखाली शेक देणं, पाचवीच्या पूजेला हजर राहणं ही सगळी तिची कामं. मोबदला म्हणजे धान्य, नारळ, एखादं लुगडं, मुलगा झाला तर थोडं अधिक. मुलगी झाली तर कमी. तिच्या कौशल्यात त्यानं काय फरक पडत होता, हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

आणि तिची जात. सगळीकडे सारखं नव्हतं. कुठे न्हाव्याची बायको हे काम करी, कुठे घरातलीच अनुभवी चुलती. पण महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी सुईण म्हणून मांगीण येई. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या जातींविषयी रसेल आणि हिरालाल यांचा १९१६ सालचा ग्रंथ आहे, त्यातही मांग स्त्रियांच्या या कामाची नोंद आहे. एरवी जिची सावली चालत नाही तिचा हात त्या रात्री चालतो, आणि बाराव्या दिवशी घर शुद्ध करताना तोच हात पुन्हा बाहेर ठेवला जातो. रक्त, वार, नाळ हे सगळं विटाळाचं काम म्हणून ते तिच्याकडे आलं. त्यातून तिला जे ज्ञान मिळालं, तेही विटाळातच मोजलं गेलं.

याला जोडून एक गोष्ट सांगायला हवी. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यात तिनं आपल्या जातीतल्या बायकांच्या बाळंतपणाविषयी लिहिलं आहे. त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, आणि बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कुठून आणायचा, असं ती विचारते. मराठीत एका स्त्रीनं बाळंतपणाविषयी लिहिलेला हा फार जुना मजकूर, आणि तो एका मांग मुलीचा आहे. ज्यांच्या बायका इतरांच्या माजघरात जाऊन बाळंतपणं करत, त्यांची स्वतःची बाळंतपणं उघड्यावर होत होती.

* * *

सुईणीविषयी पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, पण ते आरोपपत्र म्हणून. १८८५ साली लेडी डफरिन यांचा निधी स्थापन झाला, हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांच्याच हातून उपचार मिळावेत म्हणून. १९०३ साली दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी आला. १९१८ साली या निधीनं देशभरातल्या स्त्री डॉक्टरांचे आणि शिक्षित सुईणींचे अनुभव गोळा करून अहवाल काढला. घाणेरडे हात, गंजलेलं विळा-कोयतं, नाळेला लावलेली राख, अडलेल्या बाईवर केलेली ओढाताण, असे अंगावर काटा आणणारे प्रसंग त्यात आहेत. १९२७ साली कॅथरीन मेयोनं 'मदर इंडिया' लिहिताना या अहवालाचा भरपूर वापर केला, आणि हिंदुस्थानी दाई जगभर बदनाम झाली.

हे प्रसंग खोटे नव्हते. नाळेतून धनुर्वात होऊन बाळं मरत होती. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाळंतपणात बायकांवर उपचार करणारी बाई डॉक्टर हवी, हे दुःख बांधून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. आधार घेतला तो जुन्या ग्रंथांचा. त्या पिढीच्या मनात सुईणीविषयी राग असेल तर तो समजण्यासारखा आहे.

पण दोन गोष्टी त्या अहवालांतून निसटतात. एक म्हणजे डॉक्टरला बोलावणं येई ते बाळंतपण बिघडल्यावर. जी शेकडो बाळंतपणं नीट झाली ती डॉक्टरनं पाहिलीच नाहीत, मग लिहिणार कुठून? दुसरी गोष्ट व्हिएन्नाची. तिथल्या मोठ्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बायका बाळंतज्वरानं मेल्या. सुईणींच्या विभागात तीनहून कमी. बायका हातापाया पडून सुईणींच्या विभागात जागा मागत. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच हात घेऊन बाळंतिणींकडे येत, हे कारण सेमेलवाइस यांनी १८४७ साली ओळखलं आणि हात धुवायला लावले. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते पटायला पुढे कित्येक वर्षं लागली. अस्वच्छ हात हा कुठल्या एका जातीचा किंवा धंद्याचा गुण नव्हता. डॉक्टरांचे हात सुधारले तेव्हा डॉक्टरी टिकली. सुईणीचे हात सुधारायचे म्हटलं तेव्हा सुईणच नको असं ठरलं.

* * *

अमेरिकेत सुईण जवळजवळ संपलीच होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळंतपण म्हणजे रुग्णालय, गुंगीचं औषध आणि चिमटे, असं तिथे ठरून गेलं होतं. इंग्लंडमध्ये ग्रँटली डिक-रीड या डॉक्टरनं १९३३ साली 'नॅचरल चाइल्डबर्थ' हे पुस्तक लिहून भीती आणि वेदना यांचं नातं मांडलं, तेव्हा त्याचीही टिंगल झाली. आयना मे गास्किन यांचा जन्म १९४० सालचा, आयोवा राज्यातला. शिक्षण इंग्रजी साहित्याचं, काही काळ मलेशियात शिक्षिका. पहिल्या बाळंतपणात त्यांनाही चिमटे लावले गेले, आणि तो अनुभव त्या विसरल्या नाहीत. १९७० साली शेकडो तरुण मंडळी बसगाड्यांचा तांडा घेऊन अमेरिकेच्या फेरीला निघाली, त्यात त्या आणि त्यांचे पती होते. वाटेत बायका बाळंत होऊ लागल्या. जवळ पैसा नाही, डॉक्टर नाही. त्या मदतीला बसल्या, आणि एका डॉक्टरनं पुढे येऊन त्यांना निर्जंतुकीकरण आणि आणीबाणीचे उपाय शिकवले. याच प्रवासात त्यांचं स्वतःचं अपुऱ्या दिवसांचं बाळ गेलं.

१९७१ साली टेनेसी राज्यात 'द फार्म' नावाची वसाहत उभी राहिली आणि तिथे त्यांनी सुईणींचं केंद्र चालवलं. १९७५ साली 'स्पिरिच्युअल मिडवाइफरी' हे त्यांचं पुस्तक आलं. त्यात बाळंत झालेल्या बायकांनीच आपापली हकिकत सांगितली आहे, आणि पुढे सुईणींसाठी तांत्रिक माहिती आहे. २०११ साली त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला.

त्यांचा खरा प्रभाव मला पुस्तकापेक्षा त्यांच्या वहीत दिसतो. 'फार्म'च्या सुईणींनी प्रत्येक बाळंतपण लिहून ठेवलं. त्यामुळे १९७१ ते १९८९ मधल्या १,७०७ बायकांची आकडेवारी १९९२ साली एका संशोधकाला तपासता आली. चिमटे, पंप किंवा सिझेरियन लागलेल्या बायकांचं प्रमाण तिथे २ टक्क्यांच्या जरा वर होतं. तुलनेला घेतलेल्या रुग्णालयातल्या बाळंतपणांत ते २६ टक्क्यांच्या वर होतं. बाळांच्या मृत्यूत लक्षात घ्यावा असा फरक नव्हता. अर्थात 'फार्म'च्या बायका धडधाकट होत्या, आणि अडचण आली तर रुग्णालयात न्यायची सोय होती. गास्किनबाई मृत्यूकडे डोळेझाक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. बाळंतपणात दगावलेल्या अमेरिकी बायकांची नावं एकेका कापडी तुकड्यावर लिहून त्यांनी एक मोठी गोधडी करायला घेतली, कारण देश हे मृत्यू नीट मोजत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. लिहिणं, मोजणं आणि नाव घेणं या तीन गोष्टी त्यांनी केल्या, म्हणून त्यांची सुईणकी 'ज्ञान' ठरली. आमच्याकडच्या सुईणीला यातली एकही गोष्ट करायची मुभा नव्हती.

* * *

महाराष्ट्रात सुईणीजवळ जाऊन बसणारी माणसं झाली, हेही सांगितलं पाहिजे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळ जणी निरक्षर, बऱ्याच दलित. स्वच्छ बाळंतपण, धोक्याची लक्षणं, कधी थांबायचं आणि कधी बाईला गाडीत घालायचं, हे त्या शिकल्या आणि पुढे इतरांना शिकवू लागल्या.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी १९८६ साली 'सर्च' सुरू केली. तिथे बहुतेक बाळंतपणं घरीच, दायांच्या हातून होत. बंग दांपत्यानं दाईला बाजूला सारलं नाही. तिच्या शेजारी आरोग्यदूत बसवली. दाईनं आई सांभाळायची, आरोग्यदूतीनं बाळ. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, हे तिला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. बाळंतपण घरात झालं म्हणून बाळ मरतं हे गृहीतक त्या आकड्यांपुढे टिकलं नाही. घरात कोण आहे आणि तिला काय येतं, यावर पुष्कळ काही अवलंबून होतं.

तिसरं काम आमच्या खानदेशातलं आहे. पुण्याच्या डॉ. मीरा सद्गोपाल यांच्या पुढाकारानं 'जीवा' नावाच्या प्रकल्पात देशातल्या चार दूरच्या भागांतल्या दायांचा अभ्यास झाला. हिमाचलमधलं कांगडा, झारखंडमधलं बोकारो, कर्नाटकातलं बळ्ळारी आणि आमचं नंदुरबार, जे १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. या अभ्यासात प्रशिक्षण देण्यापेक्षा पाहण्यावर आणि विचारण्यावर भर होता. दाया काय करतात आणि का करतात? त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. दाई वार पडेपर्यंत नाळ कापत नाही. बाळाचा जीव अजून वारेशी बांधलेला असतो, असं ती मानते. बाळ निपचित असेल तर वारेला ऊब देऊन त्याला जागवायचा प्रयत्नही ती करते.

रुग्णालयांत कित्येक वर्षं याच्या उलट चाललं होतं. बाळ आलं की लगेच नाळ चिमटून कापायची. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र गेल्या दशकात सांगितलं, की निदान एक मिनिट तरी थांबा. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळात उतरतं आणि पुढचे काही महिने त्याला रक्तक्षयापासून वाचवतं. वारेला शेक दिल्यानं बाळ जगतं याला असा आधार मिळालेला नाही. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वासच द्यावा लागतो, हे गडचिरोलीच्या आरोग्यदूतींनी दाखवलं. म्हणजे दाईचं एक बरोबर होतं, दुसरं अपुरं होतं. कोणत्याही शास्त्रात असंच असतं. २०१८ साली त्याच संघटनेनं बाळंतपणाच्या काळजीविषयी नव्या शिफारशी काढल्या. बाईला हवं तसं बसू द्या, फिरू द्या, तिच्या विश्वासाचं माणूस सोबत असू द्या, पोटावर दाब देऊ नका, घड्याळ लावून घाई करू नका. नंदुरबारच्या डोंगरातल्या दाईला हे कोणी वाचून दाखवलं असतं तर ती हसली असती. जिनीव्हाच्या कागदावर तिचं नाव असायचं कारण नव्हतं, पण तिच्या जिल्ह्याच्या कागदावर तरी असायला हवं होतं.

* * *

तोवर आपल्याकडे निकाल लागलेला होता. भोर समितीनं १९४६ साली म्हटलं होतं, की शिकलेल्या सुईणी पुरेशा होईपर्यंत दायांना शिकवून काम चालवावं. १९७० च्या दशकाच्या शेवटी गावोगावच्या दायांना प्रशिक्षण आणि साबण, दोरा, ब्लेड असलेली पेटी मिळाली. २००५ साली धोरण बदललं. जननी सुरक्षा योजना आली, आशा आली, आणि रुग्णालयात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला पैसे मिळू लागले. दाईच्या पेटीत नवं ब्लेड कोणी घातलं नाही.

याचा फायदा झाला, आणि तो मोठा आहे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ साली शंभरातली ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये ९५. दर एक लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांची संख्या २००४-०६ मध्ये १३० होती, ती २०१८-२० मध्ये ३३ झाली. रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला रक्त आणि शस्त्रक्रिया लागते, चांगुलपणा पुरत नाही. या आकड्यांमधल्या जगलेल्या बायका आमच्या तालुक्यातही आहेत, आणि सुईणीच्या आठवणीनं हळवं होताना मी त्यांना विसरू शकत नाही.

त्याच पाहणीत दुसरा आकडा आहे. देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातल्या ४७ बाया सिझेरियननं बाळंत होतात, सरकारी दवाखान्यांत १४. एकाच देशातल्या बायकांच्या शरीरांत एवढा फरक असू शकत नाही. फरक आहे तो वेळेचा, पैशाचा आणि धीराचा. कळा सुरू झालेल्या बाईजवळ बारा-पंधरा तास नुसतं बसून राहणं हे कौशल्य होतं, आणि ते करणारं माणूस आपण यंत्रणेतून काढून टाकलं. आता ते परत आणायचं चाललं आहे. केंद्र सरकारनं २०१८ साली मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार परिचारिकांना अठरा महिन्यांचं खास शिक्षण देऊन साधी, विनागुंतागुंतीची बाळंतपणं त्यांच्या हाती सोपवायची आहेत. उत्तम गोष्ट आहे. त्या अभ्यासक्रमात एक आठवडा तरी, अजून हयात असलेल्या एखाद्या दाईजवळ बसून तिचं ऐकायला ठेवावा, असं मला वाटतं. तिचं सगळंच शिकायला नको. काय शिकायचं नाही हेही तिच्याजवळ बसूनच नीट कळेल. पण या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत, आणि नव्या कोणी तयार होत नाहीत. ऐकायचं असेल तर वेळ थोडा आहे.

आपल्या देशात जन्माची नोंद १९६९ च्या कायद्यानं होते. त्या नोंदीच्या फॉर्ममध्ये बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, जन्माचं ठिकाण असे रकाने असतात. एक रकाना असतो, बाळंतपणाच्या वेळी मदत कोणी केली? त्यापुढे पर्याय छापलेले असतात: सरकारी संस्था, खासगी संस्था, डॉक्टर-परिचारिका किंवा प्रशिक्षित सुईण, पारंपरिक दाई, नातेवाईक किंवा इतर. यातल्या एकावर खूण करायची. गेल्या पन्नास वर्षांत जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या ग्रामपंचायतींमध्ये 'पारंपरिक दाई' या पर्यायापुढे किती खुणा पडल्या असतील! ते कागद अजून कपाटांत आहेत. त्यात खूण आहे, तारीख आहे, गाव आहे, आणि ज्यांचा जन्म झाला ती माणसं अजून जिवंत आहेत. त्यांच्या आया आहेत तोवर त्यांना विचारून त्या खुणेशेजारी पेन्सिलीनं का होईना, एक नाव लिहिता येईल.